पिकलबॉल कॅम्पला दोनदा गेलो, एकदा फसलो

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू एका नाही तर दोन कॅम्पचा आहे आणि दोघांचीही नावं मी घेणार नाहीये. पहिल्याचं घेतलं तर उगाच भांडण आणि दुसऱ्याचं घेतलं तर लोक म्हणणार ह्याला ह्यात काहीतरी मिळतंय. पण दोन्हीकडे तीन-तीन दिवस घाम गाळून आलोय, त्यामुळे बुकिंग करताना काय विचारायचं आणि कशाला भुलायचं नाही एवढं छातीठोकपणे सांगू शकतो.

माझं म्हणाल तर मी बॅडमिंटनवाला. गुडघ्याने हात टेकले म्हणून पिकलबॉलकडे आलो, म्हणजे बुटक्या नेटवरून छोट्या बॅटीने (तिला पॅडल म्हणतात) भोकांचा प्लास्टिक बॉल मारायचा खेळ. कोर्ट सेम मापाचं, 20 बाय 44 फूट, डबल्सच्या बॅडमिंटन कोर्टाएवढंच, म्हणून वाटलं अर्धं काम तर झालंच आहे. कसलं काय! मनगटाची जुनी सवय, प्रत्येक बॉल मारायचाच ही जुनी खाज, आणि समोरचे दोन साठीचे लोक नेटजवळ उभं राहून हळूच टुकटुक करत मला घरी पाठवायचे. वर्षभर नेमाने खेळलो, आणि वर्षाच्या शेवटी लक्षात आलं की आपला खेळ सुधारला नाहीये, आपल्या चुका फक्त पक्क्या झाल्यात. मग कॅम्पचं डोक्यात आलं.

पहिला कॅम्प निवडला तो फोटो बघून. हसू नका, तुम्हीपण तेच करणार आहात. 'रिट्रीट' असं लिहिलेलं, स्विमिंग पूल, सूर्यास्ताला योगा, आणि सगळ्यात वर एका नावाजलेल्या प्रो खेळाडूचा हसरा फोटो. खाली लिहिलेलं 'दिवसाला सहा तास पिकलबॉल'. मी हे सहा तास म्हणजे शिकवणीचे सहा तास असं धरून चाललो, तिथेच गणित चुकलं.

त्या सहा तासांत काय काय होतं ते ऐका. वॉर्मअप, मग गोल करून ओळखपरेड, मग एक कोच बोलणार आणि आपण ऐकणार, मग दुपारभर 'ओपन प्ले' म्हणजे आपण आपलं खेळत बसायचं, जे मी घरीपण करतोच की, त्यासाठी बॅग भरून कशाला जायचं? पहिल्या संध्याकाळी तर स्लाईड लावून खेळाचा इतिहास सांगितला. 1965 साली अमेरिकेतल्या बेनब्रिज आयलंडवर दोन मित्र सुट्टीत घरी आले तर बॅडमिंटनचं सामान सापडेना म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिक बॉल घेऊन खेळ सुरू केला, सुरुवातीला बॅडमिंटनच्या उंचीवर असलेलं नेट नंतर 36 इंचांवर आणलं वगैरे वगैरे. गोष्ट मजेदार आहे, नाकारत नाही. पण नाव कुत्र्यावरून पडलं की होडीवरून यावर अर्धा तास वाद चालला तेव्हा मी मनातल्या मनात माझे पैसे मोजत होतो.

आणि खरी बोंब दुसऱ्या दिवशी कळली. एका कोर्टवर आम्ही आठजण आणि कोच एक. रांग लावायची, कोच बॉल फेकणार, आपण एक मारायचा आणि पळत रांगेच्या शेपटाला. मी चिडून मोजायला लागलो, वीस मिनिटांत माझ्या वाट्याला 31 बॉल आले. बाकीचा वेळ मी पुढच्याच्या पाठीवरचा घाम बघत उभा. 31 पैकी कोचने माझ्याशी बोलून काही सांगितलं असे बॉल दोन, त्यातल्या एकावर म्हणाला 'छान'.

तो छान नव्हता. नेटच्या पट्टीला घासून पलीकडे पडला होता.

प्रो साहेब आले, तिसऱ्या दिवशी, पाऊण तास. माणूस गोड होता, खेळ बघून डोळ्याचं पारणं फिटलं, पण आमच्यापैकी कोणाची पॅडल धरायची पद्धतसुद्धा त्याने बघितली नाही, बघणार कधी, फोटोची रांग बॉलच्या रांगेपेक्षा लांब होती. इथे एक सांगतो, भारी खेळणारा आणि भारी शिकवणारा ह्या दोन वेगळ्या जाती आहेत. कोचिंगचं पीपीआर किंवा आयपीटीपीए असं सर्टिफिकेट आहे का ते विचारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाहिरातीतला माणूस माझ्या कोर्टवर किती तास असणार ते विचारा. 'उपस्थित राहणार' हा शब्द दिसला की कान टवकारायचे.

लेव्हलचा घोळ तर विचारूच नका. फॉर्मवर फक्त 'तुमची लेव्हल' असा एक रकाना. जगातला प्रत्येक माणूस स्वतःला 3.5 (म्हणजे मधल्या लेव्हलचा) समजतो, मीपण तेच लिहिलं होतं. परिणाम काय, तर आमच्या गटात एक बाई ज्यांनी पॅडल घेऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले, आणि एक जुना टेनिसवाला जो बेसलाईनवरून त्यांच्या अंगावर ड्राईव्ह हाणत होता. त्या बिचाऱ्या पहिल्या दिवशीच दुपारी खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांचाही पैसा पाण्यात आणि त्या टेनिसवाल्याचाही, कारण त्यालाही समोर कोणी जोडीचं नव्हतं.

घरी आलो, कानाला खडा लावला, आठ महिने कॅम्पचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या वेळी मात्र शहाणा झालो होतो. तीन-चार ठिकाणी मेल टाकून आधी प्रश्न विचारले. एका कोर्टवर किती माणसं, कोच किती, बास्केटमधून बॉल घालून सराव किती वेळ आणि मोकळा खेळ किती वेळ, गट कसे पाडता. दोघांनी परत तोच रंगीत ब्रोशर पाठवला. एकाने उत्तरच दिलं नाही. आणि एकाने उलट मलाच प्रश्न विचारले! डीयूपीआर रेटिंग असेल तर पाठवा (ते 2 ते 8 च्या पट्टीवर असतं, आणि खेळलेल्या मॅचच्या निकालावरून निघतं, त्यामुळे तिथे बाता मारता येत नाहीत), नसेल तर कोणाला तरी मोबाईल धरायला सांगून दहा मिनिटांच्या गेमचा व्हिडिओ काढा, आधी कुठे दुखापत झालीये, कुठल्या पृष्ठभागावर खेळता. मी तिथेच बुक केलं. जो तुम्हाला न बघता घेतो तो तुम्हाला न बघताच परत पाठवतो.

पृष्ठभागाचा प्रश्न तेव्हा मला उगाचचा वाटला होता पण तो लाखाचा आहे. पहिला कॅम्प बंदिस्त हॉलमध्ये लाकडी फरशीवर होता आणि बॉल मोठ्या भोकांचा, साधारण 26 भोकं असतात त्याला. मी खेळतो बाहेर, टणक कोर्टवर, 40 छोट्या भोकांच्या बॉलने. तो जास्त कडक, जास्त वेगात येतो, वाऱ्यात वेगळा वागतो. तिथे शिकलेला थोडाफार हात इथे येऊन परत बिनसला. तेव्हा जिथे खेळणार तसलाच कॅम्प बघा.

आता दुसऱ्या कॅम्पमधला एकच सेशन सांगतो, कारण पैसे त्यातच वसूल झाले. चारजण, एक कोर्ट, एक कोच. विषय थर्ड शॉट ड्रॉप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सर्व्ह करणाऱ्यांना रिटर्नचा बॉल टप्पा पडल्याशिवाय मारता येत नाही, म्हणून ते मागेच अडकतात, आणि समोरचे दोघं तोवर पुढे किचनलाईनवर (नेटपासून 7 फुटांवरची रेघ) येऊन भिंत बांधून उभे. तुम्ही बेसलाईनवर, तुमची किचनलाईन 15 फूट पुढे. हे 15 फूट चालायला वेळ कसा मिळवायचा? तिसरा फटका असा हळू आणि कमानदार टाकायचा की तो नेट ओलांडून त्यांच्या किचनमध्ये, म्हणजे नेटलगतच्या 7 फुटांच्या पट्ट्यात पडेल, मग त्यांना तो खालून वर उचलावा लागतो आणि आपण चालत पुढे. ऐकायला सोपं. मी वर्षभर हा फटका एकतर नेटमध्ये घालत होतो नाहीतर समोरच्याला लाडू वाढत होतो.

कोचने दहा-बारा बॉल नुसते बघितले, एक शब्द नाही. मग जवळ आला, म्हणाला पॅडल धरा, आणि पॅडलचं टोक पकडून हळूच ओढलं. पॅडलबरोबर मी पण ओढला गेलो. म्हणाला, 'हे सुटायला हवं होतं. दहापैकी तीन-चार एवढीच पकड, तुम्ही नऊवर आहात.' मग पॅडलच काढून घेतलं हातातून! बेसलाईनवरून हाताने, खालून, बॉल किचनमध्ये टाकायला लावला, दहा वेळा. वेडपटपणा वाटत होता, शेजारच्या कोर्टवरचे बघत होते. पण सातव्या-आठव्या बॉलला कळलं की हात आपोआप खांद्यातून झुलतोय, मनगट गप्प आहे, आणि बॉल सगळ्यात उंच जातो तो नेटच्या अलीकडे, पलीकडे तो उतरायला लागलेला असतो. मी हा वरचा बिंदू कायम पलीकडे नेत होतो. मग पॅडल परत दिलं, म्हणाला मधोमध टाका, तिथे नेट 34 इंच आहे आणि कडेला खांबापाशी 36, दोन इंच फुकटात मिळतायत तर घ्या की.

तरी चुकतच होतं. मग त्याने मोबाईलवर स्लो करून दाखवलं. बॉल पॅडलला लागतो त्या क्षणी माझा मागचा पाय हवेत. म्हणजे मी पुढे पळायच्या घाईत, फटका मारता मारताच निघालेलो. 'आधी थांबा, मग मारा, मग चला.' पोरगा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, पण त्याच्या ह्या एका वाक्याने जे झालं ते पहिल्या कॅम्पच्या तीन दिवसांत नाही झालं. त्या सकाळी मी निदान तीनशे ड्रॉप मारले असतील, मोजायचं भानच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायात गोळा आला, तो मात्र माझाच गाढवपणा. आठवड्यातून तीनदा दोन-दोन तास खेळणारा माणूस एकदम तीन दिवस रोज पाच तास खेळायला गेला तर पोटऱ्या बोलणारच. बुकिंगआधी महिनाभर चालणं, जिने, पोटऱ्यांचे व्यायाम सुरू करा. आणि पळायचे बूट घालून जाऊ नका, ते सरळ पुढे जाण्यासाठी असतात, इथे सगळी आडवी धावपळ, घोटा मुरगळतो, कोर्टचे बूट वेगळे मिळतात ते घ्या. डोक्यावरून लॉब गेला की उलट्या पावलांनी मागे पळायचं नाही, वळून पळायचं, ही गोष्ट त्यांनी पहिल्या तासाला शिकवली आणि दर तासाला ओरडून आठवण केली. पहिल्या कॅम्पमध्ये ह्यावर अवाक्षर नाही, आणि तिथेच एकजण मागे पळताना पाठीवर पडला होता. डोळ्यांना लागू नये म्हणून घालायचा चष्मापण दुसऱ्या कॅम्पने सक्तीचा ठेवलेला, सुरुवातीला कटकट वाटली, चारजण नेटजवळून एकमेकांवर बॉल झाडायला लागले तेव्हा बरं वाटलं.

जोडीने जाणार असाल तर आधीच विचारा एकाच गटात ठेवतात की लेव्हलप्रमाणे फोडतात. फोडतात ते बरं, बायको आणि मी एकत्र शिकलो असतो तर आत्ता हा रिव्ह्यू लिहायला मी नसतो. पावसाने कोर्ट ओलं झालं तर काय, पैसे परत की तारीख पुढे, हे लेखी घ्या.

नुकतं पॅडल घेतलं असेल तर मात्र कॅम्पच्या भानगडीत पडू नका एवढ्यात. आधी जवळपास कोणाकडे तरी दोन महिने खेळा. स्कोअर तीन आकड्यांत का सांगतात, गेम शून्य-शून्य-दोनने का सुरू होतो, व्हॉली (टप्पा न पडू देता फटका) मारल्यावर तोल जाऊन पाय किचनमध्ये पडला तरी फॉल्ट कसा, हे सगळं फुकटात कळतं. ते कळायला महागडा कोच कशाला.

दुसरा कॅम्प अगदी सोन्याचा होता असं समजू नका. बास्केटमधले निम्मे बॉल चिरलेले, लागला की फट्ट असा बद्द आवाज यायचा आणि जायचा भलतीकडेच, चौथ्यांदा सांगितल्यावर बदलले. राहायची जागा कोर्टपासून लांब, सकाळी सहाला गाडी, चुकली तर तुमचं नशीब. माझे व्हिडिओ 'दोन दिवसांत पाठवतो' म्हणाले ते तीन आठवड्यांनी आले. आणि डिंकिंग (नेटजवळचं ते हळूच टुकटुक) इतकं करून घेतलं की शेवटच्या दिवशी वेगात हाणायला कोणी सांगेल तर बरं असं झालं होतं. मार्क द्यायचेच तर दहापैकी आठ देईन, पहिल्याला तीन, त्यातला एक पूलचा.

घरी येऊन पहिले दोन आठवडे मी रोजच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडून हरलो. दर तिसरा फटका थांबून, हळू, मन लावून नेटमध्ये. जोडीदार वैतागून म्हणाला, 'अरे, पैसे परत माग त्यांच्याकडे.' तिसऱ्या आठवड्यात एक पडला, नेटला लागून खाली, किचनच्या मधोमध, आणि समोरचा एकजण वाकला तोवर मी लाईनवर पोचलेलो होतो. जोडीदार मात्र मागेच उभा होता, बघत.