७०-२०० एफ २.८ लेन्स : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

कॅननच्या ७०-२०० एफ २.८ या एल सिरीजमधील (कॅननची महागडी, व्यावसायिक श्रेणी) लेन्सची तिसरी आवृत्ती गेल्या गणेशोत्सवाच्या तोंडावर घेतली. ७०-२०० हे झूमचे मिलिमीटर, आकडा मोठा तितके दूरचे जवळ दिसते; एफचा आकडा प्रकाश आत घेणाऱ्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, आणि तो जितका लहान तितके छिद्र मोठे. ती वापरलेली असली तरी काचा स्वच्छ होत्या. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवतो आणि छायाचित्रण हा माझा छंद आहे. कॅननच्याच ८०डी या कॅमेऱ्याच्या बॉडीवर १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन साध्या लेन्स लावून मी सहा वर्षे काढली होती. एवढे पैसे एका लेन्ससाठी मोजताना सौभाग्यवतींनी विचारले होते, "फोटो लेन्स काढते की तुम्ही?" तेव्हा उत्तर देता आले नाही. आज देता येईल, पण ते एका शब्दाचे नाही.

पहिला महिना निराशेचा गेला, कारण लेन्स हाती येताच मी ती घेऊन कासला गेलो. पठारावर सीतेची आसवे, गेंद आणि साताऱ्याचेच नाव शास्त्रीय नावात मिरवणारा वायतुरा फुललेला होता. ही सगळी फुले इवलीशी असतात आणि त्यांच्याजवळ जावे लागते. माझी नवी लेन्स १.२ मीटरच्या आत फोकसच करत नाही. अगदी जवळून टिपले तरी चौकटीत साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंदीचा भाग येतो, आणि त्यात सीतेच्या आसवांचा एक निळा ठिपका तेवढा दिसतो. बॅगेत पडलेली १८-५५ मात्र २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि सुमारे सहा सेंटिमीटरचा भाग चौकटभर दाखवते. त्या दिवसाची ठेवण्याजोगी सगळी छायाचित्रे २०५ ग्रॅमच्या त्या किट लेन्सने (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) दिली, आणि जवळजवळ दीड किलोचा नवा ऐवज मी पठारभर नुसता मिरवला. कोणती लेन्स कशासाठी असते, हे खरेदीपूर्वी पत्रकात वाचता आले असते. मी आकडे वाचले होते, पण फुलासमोर उभे राहून ते वाचले नव्हते.

लेन्सचे खरे मोल स्नेहसंमेलनात कळले. शाहू कलामंदिरात मुलांचे नाच टिपताना पूर्वी ५५-२५० च्या लांब टोकाला एफ ५.६ पेक्षा मोठे अ‍ॅपर्चर मिळत नसे. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी; वाढवली की चित्र दाणेदार होते) ६४०० आणि शटर १/६० सेकंद ठेवूनही मुलींचे हात पंख्याच्या पात्यांसारखे फराटत. एफ २.८ म्हणजे त्याच्या चौपट प्रकाश. त्यातला अर्धा लाभ आयएसओ ३२०० वर आणण्यात आणि अर्धा शटर १/१२५ करण्यात घातला, तेव्हा प्रथमच रंगमंचाचा काळोख दाणेदार न दिसता काळा दिसला आणि लेझीम धरलेली मूठ स्पष्ट आली. फोकस इतक्या झटकन बसतो की मुलगी गिरकी घेऊन समोर येईपर्यंत तो चेहऱ्यावर स्थिर झालेला असतो. इथे माझ्या कौशल्याची भर शून्य होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सहा वर्षे मी त्याच खुर्चीवरून, तोच हात आणि तीच नजर घेऊन बसत होतो. अंधारात कमी पडणारा प्रकाश कोणत्याही सरावाने भरून निघत नाही, आणि "साधन गौण, साधना मुख्य" असे सांगणाऱ्या मंडळींनी एकदा सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून एफ ५.६ वर लेझीम टिपून दाखवावे.

तीच लेन्स दोन आठवड्यांनी पालच्या खंडोबाच्या यात्रेला नेली आणि चारशेहून अधिक छायाचित्रे काढली. घरी येऊन पाहिले तर एकही हललेले नव्हते आणि एकही ठेवावेसे वाटले नाही. भंडारा उधळला जात असताना मावळतीचा सूर्य माझ्या पाठीशी होता, त्यामुळे हवेतली हळद उजळण्याऐवजी रंगवलेल्या भिंतीसारखी सपाट दिसत होती. उलट बाजूला उभे राहिलो असतो, तर तोच प्रकाश त्या धुळीतून आरपार येऊन कण न् कण पेटल्यासारखा दिसला असता. शिवाय मी गर्दीच्या मागे जमिनीवर होतो, म्हणून पुढच्या माणसांच्या टोप्या आणि उंचावलेले मोबाइल अतिशय सुस्पष्ट आले. लेन्सने तिचे काम चोख केले होते. तिला जिथे उभे केले, तिथून जे दिसत होते ते तिने दाखवले. पूर्वी असे छायाचित्र बिघडले की मी अंधाराला दोष देऊन मोकळा होत असे. ती सोय गेली.

मे महिन्यातील पुतणीच्या लग्नाने आणखी एक धडा दिला. तीन मीटर अंतरावरून २०० मिलिमीटरला एफ २.८ ठेवले की माझ्या बॉडीवर फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढ्या अंतरातले स्पष्ट येते ती पट्टी, जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. १८-५५ च्या लांब टोकाला त्याच अंतरावरून एफ ५.६ वर ती साठ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे फोकस वीतभर चुकला तरी चालून जातो. महागडी लेन्स ही सवलत देत नाही. मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळते म्हणून हरखून मी अख्खे लग्न एफ २.८ वर काढले. अल्बम पाहताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पोरीचा डोळा अगदी छान आलाय, पण नथ कुठे गेली?" नथ पुसट झाली होती, आणि शेजारी उभे असलेले जावईबापू तर ओळखूही येत नव्हते. तिथे एफ ५.६ पुरेसे होते. मंडपात प्रकाश मुबलक होता, फक्त माझा हात पैसे वसूल करण्याच्या घाईत होता.

आणखी एक गोष्ट साखरपुड्यात ध्यानात आली. ८०डीचा सेन्सर लहान असल्यामुळे या लेन्सचे ७० मिलिमीटर फुलफ्रेमवरच्या (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) ११२ सारखे वागतात. दिवाणखान्यात पाठ भिंतीला टेकली तरी चौकटीत दोन माणसांपलीकडे कोणी मावत नाही.

वाईजवळच्या बावधनच्या बगाडाला, म्हणजे नवसाचा माणूस उंच टांगून बैलांनी गाडा ओढण्याच्या यात्रेला, मात्र मी मुद्दाम ही आणि जुनी ५५-२५० अशा दोन्ही लेन्स नेल्या होत्या. डोक्यावर ऊन असताना बैलांच्या जोड्या आणि वर टांगलेला बगाड्या (तो नवसाचा माणूस) असे एकच दृश्य २०० मिलिमीटरला एफ ८ वर दोन्ही लेन्सनी टिपले आणि १२ बाय १८ इंची प्रती काढून घेतल्या. पोवई नाक्याकडे स्टुडिओ असलेल्या मित्रासमोर दोन्ही ठेवून महागड्या लेन्सची कोणती असे विचारले, तर त्याने बराच वेळ पाहून चुकीच्या प्रतीकडे बोट दाखवले. संगणकावर मोठे करून पाहिल्यास नव्या लेन्सचे कोपरे अधिक रेखीव आहेत आणि पांढऱ्या धोतराच्या कडेला जांभळी किनार नाही. आतल्या फ्लोराइट स्फटिकाच्या भिंगाचे पैसे तिथे दिसतात, पण भिंतीवरच्या चित्रात कोणी कोपऱ्यात नाक खुपसून पाहत नाही.

टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. भंडाऱ्याची हळद आत शिरली नाही, मात्र लेन्सच्या तोंडाशी लावायच्या हूडच्या खाचेत ती अजून पिवळी दिसते. साताऱ्याच्या पावसाळ्यात बुरशीची धास्ती असते. कातडी बॅगेत कपाटात ठेवलेली एक जुनी लेन्स मी स्वतःच्या हलगर्जीपणाने तशी गमावली आहे, म्हणून हिला पापडाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांत राहील असे पाहतो. वजनाचा त्रास होतो. बॉडीसह सव्वादोन किलो गळ्यात अडकवून अजिंक्यतारा चढल्यावर मान दुसऱ्या दिवशीपर्यंत आठवण देते.

मंद प्रकाशातले कार्यक्रम किंवा लांबून खेळ टिपायचे असतील, आणि हललेली, दाणेदार छायाचित्रेच बाद होत असतील, तर ही लेन्स घ्यावी. घेण्याआधी बाद झालेली शंभरेक छायाचित्रे उघडून प्रत्येकासमोर कारण लिहावे आणि लेन्स दोन दिवस भाड्याने आणून पाहावी. माझ्या जुन्या यादीत निम्म्याहून अधिक ठिकाणी "अंधार" आणि "हलले" असे होते. या वर्षीच्या यादीत ते दोन्ही शब्द क्वचित आहेत, आणि त्यांच्या जागी "चुकीच्या बाजूला उभा" आणि "खोली अपुरी" असे आले आहे. येत्या पौषात पुन्हा पालला जायचे आहे. या वेळी सकाळीच पोहोचून, सूर्य कोणीकडे उतरतो ते पाहून, समोरच्या बाजूचे एखादे माळवद मालकाला विचारून ठेवणार आहे. लेन्स हीच नेणार.