शेजारच्या सीटवर पाणबुडी मोटर: सॅन स्टॉर्मसोबतचे चौदा महिने

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी आबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि विचारलं, "हाई गाडी शे का पानीनी टाकी?"

आवाज खरंच टाकीसारखा येतो. सॅन स्टॉर्मची बॉडी पत्र्याची नाही, फायबरची आहे. ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १९९८ च्या सुमारास आलेली, गोव्यात तयार झालेली, दोन सीटांची, कापडी छत उघडणारी गाडी. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, साधारण ६० बीएचपी. युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये हेच इंजिन होतं. तिचं पक्क्या छताचं भावंड म्हणजे स्ट्रीक. माझ्याकडची बरीच जुनी आहे आणि मी तिचा तिसरा मालक. ६० बीएचपी म्हणजे आजच्या साध्या घरगुती गाडीपेक्षाही कमी, पण आपण बसतो इतकं खाली की साठचा वेग नव्वदचा वाटतो. वेगाबद्दल एवढं पुरे.

घेतली होती रविवारी फिरायला. अमळनेरहून धुळ्यापर्यंत जायचं, छत उघडं ठेवून चहा प्यायचा, परत यायचं. पण त्याच उन्हाळ्यात घरची जीप विकली. दुसरी गाडी घेईपर्यंत महिनाभर हिच्यावरच भागवू असं ठरलं आणि त्या महिन्याचे चौदा महिने झाले. साडेनऊ हजार किलोमीटर झाले, त्यात निव्वळ हौसेचे हजारसुद्धा नसतील.

पहिलं मोठं ओझं म्हणजे विहिरीतली पाणबुडी मोटर. ऐन मे महिन्यात जळाली. केळीला पाणी हवं, गावातले दोन्ही पिकअपवाले लग्नाच्या भाड्याला गेलेले. मग छत उघडलं आणि तिघांनी उचलून मोटर शेजारच्या सीटवर उभी केली. बूड पाय ठेवायच्या जागेत, डोकं काचेच्या वर, मधे सीटबेल्ट आणि वरून सोल, म्हणजे जाड दोर. रिवाइंडिंगच्या दुकानापर्यंत लोकांनी वळून वळून पाहिलं. चौकातल्या हवालदाराने आधी माझा बेल्ट पाहिला, मग मोटरचा, आणि जा म्हणाला. बंद छताच्या कोणत्याही छोट्या गाडीत हे जमलं नसतं. उघड्या छताचा असा उपयोग गाडी बनवणाऱ्यांच्या मनातही आला नसेल.

त्यानंतर ठिबकच्या नळ्यांची बंडलं, खताच्या गोण्या (एका वेळी एकच, तीही सीटवर; डिकीत टाकली की मागचं बूड टेकतं), बी-बियाणं आणि केळीचे घड. घडाबद्दल एक सांगून ठेवतो. केळीचा चीक कापडाला लागला की काळा पडतो आणि कशानेही निघत नाही. खताची रिकामी गोणी अंथरायची हे मला चौथ्या डागानंतर सुचलं. हिवाळ्यात भरीत पार्टीसाठी बामणोदहून वांगी आणली. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याच्या देठाच्या काट्यांनी सीटचं कव्हर सोडलं नाही. भरीत उत्तम झालं, कव्हर बदलावं लागलं.

डिकीच्या झाकणावर मात्र काहीही लादू नका. आधीच्या मालकाने वर कॅरिअर ठोकलं होतं. स्क्रूच्या प्रत्येक भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते. पत्रा वाकतो आणि आधी सांगतो. फायबर आतल्या आत तडकतं, वर फक्त रंगात केसाएवढी रेघ दिसते.

फायबरचं काम मी शिकलो ते पाण्याच्या टाक्या आणि कूलरच्या बॉड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्तरीकडून. शेताच्या गाडवाटेवर पुढचा बंपर दगडावर आपटला होता. चूक माझीच, कारण त्या वाटेला हिची उंची पुरत नाही हे दिसत होतं. गॅरेजवाल्याने लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो म्हटलं. मिस्तरी म्हणाला, "भाऊ, लांबी म्हणजे नुसती पावडर." त्याने तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्रं पाडली, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग बंपर काढून मागची बाजू घासून खरखरीत केली, काचेच्या धाग्यांची चटई फाडून (कापून नाही, फाडलेल्या कडा नीट मुरतात) तीन थर रेझिनमध्ये बसवले आणि रोलरने हवा काढली. खरा धडा हार्डनरचा, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाचा. एरवी शेकडा दीड-दोन टाकतात. मी दुसऱ्या वेळी घरी तेवढाच टाकला, दुपारी दोन वाजता, आमच्या ४४ डिग्रीत. पाच मिनिटांत डब्यातच दगड झाला, डबा हातात धरवेना. आता हे काम सकाळी सहाला, सावलीत, निम्म्या हार्डनरने. वरचा थर चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला पुरतं सुकू देत नाही, म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवून ठेवायचा. सामान साडेआठशे रुपयांचं आलं. बंपर वर्षभर टिकून आहे, आणि मधे एक कुत्रं आडवं आलं तरी टिकला (कुत्रंही टिकलं).

यापेक्षा जास्त डोकं खाल्लं ते लाइटांनी. पावसाळ्यात ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटायचा आणि इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकायचा. दोन इलेक्ट्रिशियननी दोन होल्डर बदलले. तिसऱ्याने नेहमीप्रमाणे अर्थची वायर बॉडीला स्क्रूने आवळली आणि "झालं" म्हणाला. झालं काहीच नाही, कारण फायबरमधून करंट जात नाही! पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच अर्थ असते. इथे प्रत्येक दिव्याची अर्थ वायर चासीपर्यंत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, यावी लागते. उंदरांनी मागची एक वायर कुरतडली होती, मग करंट मिळेल त्या दिव्यातून वाट काढत परत जायचा. मी मोटरपंपाची जाड तांब्याची वायर डिकीतून चासीपर्यंत ओढली, चासीवरचा रंग खरडला, नट आवळला, वर ग्रीस थापलं. त्या दिवसापासून एकही तक्रार नाही. ही गाडी घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात बाकी काही न करता हे एकच काम करावं, असं मी म्हणेन.

उन्हाचं म्हणाल तर इंजिन गरम होतं, पण रेडिएटरचा फॅन चालला तरच निभतं. माझा आपोआप सुरू व्हायचा बंद पडला, म्हणून डॅशबोर्डवर बटण बसवून डायरेक्ट केला. पहिल्यांदा रिले (बटणाऐवजी जड करंट स्वतः पेलणारा स्विच) न लावता. बटण वितळलं, प्लास्टिकचा वास पारोळ्यापर्यंत आला. रिले आणि फ्यूज लावल्यावर ठीक. पाण्याच्या बाटलीची फाटलेली नळी ठिबकच्या १६ मिमीच्या नळीने भागवली, छान चालते. त्याच जोरावर गरम पाण्याच्या नळीलाही तीच लावली. ती मऊ पडून सुटली, धरणगावच्या अलीकडे, दुपारी. ठिबकची नळी थंड पाण्यासाठी असते हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको होतं.

छताची मागची पारदर्शक खिडकी पिवळी पडून तडकली होती. नवीन कुठे मिळणार? रिक्षाचं हुड शिवणाऱ्याकडे गेलो. त्याने जाड पारदर्शक प्लास्टिक शिवलं, पहिल्या पावसात शिलाईच्या प्रत्येक भोकातून पाणी आलं. मेणबत्ती घासली, थोडं थांबलं. दुसऱ्यांदा त्याने कड दुमडून वरून पट्टी शिवली, तेव्हा गळती एका कोपऱ्यापुरती उरली. त्या कोपऱ्याखाली मी माणूस बसवत नाही, डबा ठेवतो.

पेट्रोलची नळी, ब्रेक आणि स्टिअरिंग यांना मात्र जुगाडाचा हात लावला नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात मऊ पडून तडकतं. इंधनाच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, टायमिंग बेल्टही तेव्हाच बदलला. इंजिनसाठी एवढाच मोठा खर्च. मायलेज शेतगावच्या फेऱ्यांत तेरा, मोकळ्या रस्त्यावर सोळा. पंधरा वर्षं उलटून गेली असल्याने फेरनोंदणी आणि पर्यावरण कर हेही धरून चाला.

काळ्या मातीत, पाऊस पडल्यावर, ही गाडी शेतात नेऊ नका. मी एकदाच नेली. बैलजोडीने ओढून काढली. दोरी कुठे बांधायची यावर चार जणांची चार मतं झाली, कारण बंपरला बांधली तर बंपर हातात येईल. शेवटी एकाने खाली झोपून चासीला गाठ मारली.

घ्यावी का, असं मला आठवड्यातून एक तरी जण विचारतो. आबांनी चौदा महिन्यांत एकदाही तिला चांगलं म्हटलेलं नाही. पण गेल्या रविवारी त्यांना चोपड्याला साडूंकडे जायचं होतं. दारात भाच्याची नवी एसी गाडी उभी होती, तरी ते काठी घेऊन हिच्याच दाराशी आले, "टप खोल" म्हणाले, आणि तापीच्या पुलावर टोपी उडू नये म्हणून डोक्याला उपरणं बांधून बसले.