पत्ता खरा, मेल खोटा

लातूरला आमची डाळमिल आहे. डाळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स मशीनचा शेवटचा हप्ता द्यायचा होता, तेवढ्यात पुरवठादाराच्या पत्त्यावरून मेल आला: ‘ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे, रक्कम खालच्या खात्यात भरा.’ मुनीमजींनी पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. जुन्या मेलमधलाच होता, बिल नंबरही बरोबर. तरी त्यांनी त्याच मेलला उत्तर देऊन विचारलं. ‘हो, हेच खातं’ असं आलं. साडेचार लाख आरटीजीएसने गेले. मग कंपनीचा फोन, हप्ता कधी देताय?

मुनीमजींना बोल लावणारे बाजारात पुष्कळ निघाले. मला ते अजिबात पटत नाही. ईमेल ज्या एसएमटीपी पद्धतीवर चालतो ती १९८२ सालची, आणि पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोय तिच्यात मुळात नव्हतीच. पाकिटामागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसा ‘फ्रॉम’मध्ये कुणाचाही पत्ता घालता येतो. शिवाय उत्तर कुठे जावं, तो ‘रिप्लाय-टू’ पत्ता वेगळा ठेवता येतो. मुनीमजींचा प्रश्न कंपनीकडे पोचलाच नाही, थेट चोराकडे गेला.

जीमेल कॉम्प्युटरवर उघडून मेलच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ काढलं, तेव्हा एसपीएफसमोर, म्हणजे मेल कंपनीने परवानगी दिलेल्या सर्व्हरवरूनच आलाय का या तपासणीसमोर, ‘फेल’ दिसलं. मोबाइलवर हे सहज दिसत नाही. पण तिथे ‘पास’ आलं म्हणूनही निर्धास्त राहू नका. कंपनीचा मेलबॉक्सच कुणी फोडला असेल तर सगळं ‘पास’च येतं. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करा, मेलमधल्या नंबरला नाही.

खातं भलत्याच माणसाच्या नावावर होतं, पण आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांक बघून जमा होतात. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यायला सांगितलं होतं. ती वापरा.

फसलात तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा. आम्हाला कळेपर्यंत बरीच रक्कम पुढे सरकली होती, उरलेली तेवढी गोठवली गेली.

कंपनीच्या डोमेनला, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाला, डीमार्क लावलेलंच नव्हतं. आपल्या नावाचा मेल तपासणीत नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे डीमार्क सांगतं. ते ‘रिजेक्ट’वर असतं, तर असा मेल बहुतेक ठिकाणी दारातच अडला असता. तुमच्या मिलचं, जिनिंगचं, दुकानाचं स्वतःचं डोमेन असेल, तर ते सांभाळणाऱ्याला आजच विचारा.