सावरलेल्यांची मुलाखत: घरी जाऊन की फोनवर?

सांगलीत एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करणारी एक पोरगी विचारत होती, आत्महत्येच्या प्रयत्नातून सावरलेल्यांशी बोलायचंय तर गावात जाऊ की फोन करू. खर्चाचं म्हणाल तर जत-आटपाडीला एसटीने गेलं की अख्खा दिवस जातो, फोन स्वस्त, पण ते गौण आहे हो.

खरी अडचण खाजगीपणाची. घरी गेलात की चहा येतो, मागोमाग सासू येऊन बसते, शेजारीण दारातून डोकावते, मग बाई "आता बरंय" एवढंच म्हणणार. फोनवर ती रानात जाऊन मोकळं बोलेल, नको वाटलं तर कट करेल. पण मधेच गप्प झाली तर रडतेय की रेंज गेली काय कळत नाही, समोर चेहरा दिसतो, लगेच थांबता येतं.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दोन्हीकडे आधीच द्यायचा. कसं केलं ते विचारायचंच नाही, सावरताना काय कामाला आलं ते विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखालचा मानलंय, म्हणून त्याला शिक्षा करायची नाही असं ठरवलंय. तरी पोलीस केसची धास्ती असतेच, म्हणून कायद्याचं हेही सांगून टाका.

घरात गर्दी असेल तर फोन, वेगळी खोली मिळत असेल तर समोरासमोर. प्रयत्न ताजा असेल तर मात्र दोन्ही नको, आधी तिच्या डॉक्टरांना विचारा.