‘पाचिंको’ : तिसऱ्या प्रयत्नात

मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ ही २०१७ साली आलेली इंग्रजी कादंबरी मी दोनदा अर्ध्यावर टाकली होती. या महिन्यात ती अखेर वाचून संपवली. पाचशेच्या घरातली पाने आणि परकी नावे ही सबब मी इतरांना सांगत आलो, परंतु खरे पाहता नायिकेचा नवरा इसाक याच्या अटकेपुढे जाण्याचा धीर होत नव्हता.

जपानने कोरिया गिळंकृत केला त्या १९१० पासून १९८९ पर्यंत हे कथानक पसरलेले आहे. बुसानजवळच्या येओंगदो बेटावर आईला खाणावळीत हातभार लावणारी सुंजा एका विवाहित व्यापाऱ्यापासून गरोदर राहते, आणि तिची अब्रू राखण्यासाठी पुढे आलेल्या क्षयग्रस्त पाद्र्याशी, म्हणजे इसाकशी, लग्न करून ओसाकातील इकाइनो या कोरियन वस्तीत येते. पुढे गोष्ट मुलांकडे आणि नातवाकडे जात असली, तरी माझ्या लेखी कादंबरीचा कणा म्हणजे सुंजाची किमचीची, म्हणजे कोरियन लोणच्याची, हातगाडी. घरच्या बायकांनी बाहेर कमावू नये असे मानणारा थोरला दीर, तुरुंगातला नवरा आणि पदरात दोन मुले असताना ती रस्त्यावर उभी राहून ओरडायला शिकते, तो प्रसंग लीबाईंनी कसलाही गहिवर न आणता लिहिला आहे.

कायद्याची कलमेही त्या सांगत बसत नाहीत. १९५२ मध्ये जपानमधल्या कोरियनांचे जपानी नागरिकत्व संपले. त्याचा अर्थ आपल्याला कळतो तो जपानातच जन्मलेल्या सुंजाच्या नातवाला, सॉलोमनला, चौदाव्या वाढदिवशी परदेशी म्हणून बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि त्याच्या नखांत शाई राहते तेव्हा. चांगल्या नोकऱ्यांची दारे बंद असल्याने कोरियन लोक पाचिंकोच्या, म्हणजे यंत्रातल्या खिळ्यांमधून गोळ्या सोडण्याच्या खेळाच्या, जुगारघरांकडे वळले. तिथे यंत्रातले खिळे हातोडीने किंचित सरकवून ठेवतात, म्हणजे गोळ्या मालकाला हव्या तशाच पडतात. शीर्षक किती चपखल आहे, हे या प्रसंगात उमगते.

तिसरा भाग मात्र घाईत उरकल्यासारखा वाटतो. नवी पात्रे येतात, स्थिरावण्याआधीच बाजूला होतात, आणि एका जिव्हाळ्याच्या पात्राचा मृत्यू एका वाक्यात आटोपला जातो. हा कोरडेपणा हेतुपुरस्सर असावा; तरीही तो मला खटकला.

घ्यायची असल्यास छापील प्रत घ्यावी, कारण नात्यांसाठी मागची पाने वारंवार उलटावी लागतात. मी तर वंशवृक्ष शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काढून ठेवला आणि मगच इसाकच्या अटकेचे पान उलटले.