पित्ताशयातील खडे: चिनी काढे, गोळ्या की शस्त्रक्रिया?

चिनी वनौषधी घ्याव्यात की पित्ताशय काढून टाकावे, हे ठरवण्यापूर्वी खडा पित्ताशयात आहे की पित्तनलिकेत, हे सोनोग्राफीच्या अहवालात पाहावे.

चीनमध्ये पूर्वी जंतुसंसर्ग आणि यकृतातील कृमी यांमुळे पित्तनलिकेत मऊ, ठिसूळ, तपकिरी खडे होण्याचे प्रमाण मोठे होते. ‘जिन छ्यान त्साओ’ ही वनस्पती, रेवाचिनी आणि हळदीच्या कुळातील कंद यांचे खडे पाडणारे काढे तेथे नावारूपाला आले, आणि थियानजिनच्या नानकाई रुग्णालयात वू श्येनचोंग यांनी पोटाच्या तीव्र विकारांसाठी चिनी व पाश्चात्त्य उपचारांची सांगड घातली. नलिकेतला लहान, मऊ खडा आतड्यात उतरू शकतो. आपल्याकडे बहुधा दिसणारा पित्ताशयातला कठीण खडा मात्र काढ्याने विरघळतो, याला भक्कम पुरावा नाही. उलट तो पुढे सरकून नलिकेच्या तोंडाशी अडकला, तर कावीळ किंवा स्वादुपिंडाचा जीवघेणा दाह होऊ शकतो. म्हणूनच ‘खडा पाडून देतो’ या आश्वासनाची मला सर्वांत अधिक धास्ती वाटते. शिवाय काढ्यात नेमके काय आहे, हे कळायला हवे. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या चिनी औषधांत चुकीची वनस्पती मिसळली गेल्याने अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली.

काही खडे विरघळवणारे अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल अस्वलाच्या पित्तात आढळते, आणि हे पित्त चिनी वैद्यकात शतकानुशतके वापरले गेले. आता ते आम्ल कारखान्यात तयार होत असल्याने त्यासाठी अस्वलांना पिंजऱ्यात कोंडण्याचे कोणतेही समर्थन उरत नाही. परंतु या आम्लाच्या गोळ्या एक सेंटिमीटरहून लहान, कॅल्शियमविरहित खड्यांवर आणि पित्ताशय नीट आकुंचन पावत असेल तरच उपयोगी पडतात, सहा महिने ते दोन वर्षे घ्याव्या लागतात, आणि पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांना पुन्हा खडे होतात.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. तिच्यानंतर बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका हजारात सुमारे तीन ते पाच रुग्णांना असतो. तो थोडा असला तरी गंभीर आहे.

खडा पित्ताशयातच असून कसलाच त्रास नसेल, तर बहुतेकांना यांपैकी कोणताही उपचार लागत नाही. वारंवार कळा येत असतील, तर मी शस्त्रक्रियाच सुचवेन. आणि ताप, थंडी व कावीळ एकत्र दिसल्यास काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.