पन्हाळ्याचा बोलता पुठ्ठा : कार्बनच्या शाईबरोबर नऊ महिने

गेल्या दिवाळीत भाच्यानं दारात पन्हाळा केला. माती थापून झाली, हळीव पेरून झालं, मावळे चढवून झाले आणि मग तो माझ्या मागं लागला. “आत्ती, बोट लावलं की किल्ल्यानं बोलाय पायजे.” मातीच्या किल्ल्याला कसं बोलतं करायचं ते मला आजही जमलेलं नाही. पण आमचा धंदा स्क्रीन प्रिंटिंगचा. मंगळवार पेठेत दुकान, कामं लग्नपत्रिकांची आणि मंडळांच्या टी-शर्टांची. पुठ्ठ्यावर छापायचं म्हटलं की आमचे हात शिवशिवतात. वीज वाहून नेणारी शाई मिळते एवढं ऐकून होते, म्हणून एक बरणी मागवली. तिच्यातून पन्हाळ्याचा बारा ठिकाणांचा नकाशा झाला. जानेवारीपासून तो पेठेतल्या एका शाळेत आहे. ठिकाणावर बोट ठेवलं की भाच्याच्या आवाजात त्याची माहिती ऐकू येते.

आता ऑगस्ट निम्मा सरला. थंडी, उन्हाळा आणि कोल्हापूरचा पाऊस असे तिन्ही ऋतू या पुठ्ठ्यानं बघितले, म्हणून लिहायला बसले. शाईच्या कंपनीचं नाव देत नाही. दोन वेगवेगळ्या बरण्या वापरल्या, फरक एकोणीस-वीसचा.

शाई काळी, कार्बनची, पाण्यात मिसळणारी. थिनरच्या वासात आयुष्य गेलेल्या माणसाला ही शाई नळाखाली धुताना चैन वाटते. महाग मात्र आहे. पत्रिकेच्या शाईचा मोठा डबा येईल एवढ्या पैशांत हिची छोटी बरणी. पण एका नकाशाला लागते थोडीच, कारण आपण फक्त बटणं आणि त्यांच्या रेघा छापतो. चित्र वेगळं, ते साध्या डिजिटल प्रिंटचं.

हे चालतं कसं, ते थोडक्यात. छापलेला काळा गोल एका चिपला जोडलेला असतो. बोट जवळ आलं की त्या गोलाची धारिता (वीज साठवायची क्षमता) अगदी किंचित, काही पिकोफॅरडनं वाढते आणि चिप तेवढा फरक ओळखते. दाबायला काही नसतं, हलणारा भाग नसतो. कल्पना काही आजची नाही. इंग्लंडमधल्या माल्वर्नच्या रडार संशोधन केंद्रात ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ सालीच अशा स्पर्शाच्या पडद्याबद्दल लिहिलं होतं. मी एमपीआर १२१ ही चिप वापरली, कारण तिला बरोबर बारा बटणं जोडता येतात. ईएसपी ३२ या बोर्डाला स्वतःच्याच दहा टच पिना असतात, पण त्यातल्या काही पिना बोर्ड सुरू होतानाच्या कामात अडकलेल्या असतात आणि माझी ठिकाणं बारा. आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी हा आवाज वाजवणारा छोटा बोर्ड, त्यात मेमरी कार्ड, आणि एक छोटा स्पीकर. एवढंच.

पहिली ठेच छपाईतच लागली, तीही आम्ही जिथं स्वतःला उस्ताद समजतो तिथं. पत्रिकेची बारीक अक्षरं उठावीत म्हणून आमच्याकडं सेंटिमीटरला १२० धाग्यांची जाळी असते. तिच्यातून शाई इतकी पातळ उतरली की मीटर लावला तर काटा जागचा हलेना. दुकानातले आबा म्हणाले, “टी-शर्टाची जाळी घे की.” ४३ धाग्यांची घेतली आणि गाडी रुळावर आली. बरणीवर जो आकडा छापलेला असतो तो ‘दर चौरसाला इतके ओहम’ (म्हणजे विजेला होणारा रोध) असा असतो आणि तो जाड थराचा असतो, हे नीट समजून घ्या. रेघेच्या रुंदीएवढे चौकोन रेघेत किती बसतात ते मोजायचं. दोन मिलिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब रेघ म्हणजे शंभर चौकोन. बरणीवर ५५ असेल तर हिशेबानं साडेपाच हजार ओहम यायला हवेत. माझ्या एका हाताच्या छपाईला आले अठ्ठावीस हजार. वाळवून वरून दुसरा हात मारला तेव्हा तेरा-चौदा हजारांवर आले. टचला तेवढं पुरतं, कारण इथं प्रवाह नावालाच असतो. याच रेघेवर एलईडी पेटवायला जाल तर काजव्याएवढीही पेटणार नाही. भाच्यानं करून बघितलं आहे.

दुसरं असं, की आपलं नेहमीचं इमल्शन (जाळीवर नक्षी धरणारा लेप) पाण्याच्या शाईपुढं टिकत नाही. दहाव्या-बाराव्या कार्डाला रेघांच्या कडा फुटायला लागल्या, मग स्क्रीन पुन्हा एक्स्पोज करावी लागली. पाण्याला टिकणारं इमल्शन वेगळं मिळतं, तेच घ्या. एप्रिलच्या उन्हात ही शाई जाळीतच वाळून स्क्रीन चोक होते. तेव्हा सकाळी लवकर छापा आणि दोन कार्डांच्या मध्ये गप्पा मारू नका.

आता मुख्य गोष्ट. मी सगळा जीव बटणांत घातला. गोल किती मोठे, चित्रात कुठं बसतील, मुलांचं बोट कुठं पडेल. गोलांनी मला कधीच त्रास दिला नाही. त्रास दिला गोलापासून कडेपर्यंत जाणाऱ्या रेघांनी, आणि रेघ जिथं संपते तिथल्या जोडानं. रेघसुद्धा त्याच शाईची असते. चिपला बटण कुठलं आणि रेघ कुठली हे कळत नाही. तिच्या लेखी सगळं मिळून एकच बटण.

पहिल्या नकाशात राजदिंडीची रेघ मी सरळ अंबरखान्याच्या चित्राखालून नेली होती. जवळची वाट, दुसरं काय! अंबरखान्यावर बोट ठेवलं की गंगा-यमुना-सरस्वती कोठारांची माहिती यायच्या ऐवजी महाराज राजदिंडीतून विशाळगडाकडं निसटायचे. शाळेतल्या बाई हसून म्हणाल्या, “सिद्दी जौहरला पण असंच चकवलं असणार.” हसण्यावारी गेलं खरं, पण अख्खी फिल्म नव्यानं काढावी लागली. आता रेघा दीड मिलिमीटरच्या ठेवते, शक्यतो चित्राच्या रिकाम्या भागातून, आणि दुसऱ्या बटणापासून निदान पंधरा मिलिमीटर दूर. ज्या बाजूनं मुलांचा तळहात टेकतो तिकडून तर एकही रेघ नेत नाही. तीन दरवाजा आणि अंधारबाव गडावरच शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळं नकाशातही चिकटून आले होते. दोघांत आठ मिलिमीटर जागा आणि बोट मधोमध पडलं की दोघं एकदम बोलायला उठायचे. शेवटी भूगोलाला थोडं बाजूला ठेवून अंधारबाव सरकवली. इतिहासाच्या सरांना ते अजून खटकतं.

अंबरखान्याची तिन्ही कोठारं वेगवेगळी बोलती करायची माझी हौस होती. नऊ मिलिमीटरचे तीन गोल छापले. पुठ्ठ्याआडून त्यांना बोट कळतच नव्हतं. वीस मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, हे माझं मत. तिन्ही कोठारं एका बटणात घातली.

पुठ्ठ्याआडून म्हणजे काय, तर शाई मी मागच्या बाजूला छापते. पुढं चित्र, मागं काळी शाई, मध्ये ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड. पुठ्ठ्यातून बोट जाणवतं, फक्त चिपला थोडं हळवं करावं लागतं. चिपच्या तयार प्रोग्रॅममध्ये (लायब्ररीत) स्पर्शाचा उंबरठा, म्हणजे किती फरक पडला की बोट लागलं समजायचं तो आकडा, १२ आणि बोट सोडल्याचा ६ असा असतो. मी तो ६ आणि ३ केला. यानं मुलांच्या हाताचा घाम आणि तेल शाईला लागत नाही, आणि पुढून बघणाऱ्याला पुठ्ठा साध्या चित्राचाच वाटतो. पहिल्यांदा हात लावणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आबांनी स्वतः तीनदा मागं उलटून बघितलं.

घडी मात्र घालू नका. नकाशा दप्तरात मावावा म्हणून मी एक दुमडता प्रकार केला होता. घडीवर शाईला केसासारख्या चिरा पडतात आणि रेघ तुटते. कार्डाच्या ग्रेनच्या (कागदाच्या तंतूंच्या) दिशेनं घडी घातली तर जरा जास्त दिवस टिकते, पण शेवट तोच.

जोडाबद्दल लिहायचं तर एक वेगळा लेख होईल. पुठ्ठ्यावर सोल्डर करता येत नाही, पुठ्ठा करपतो आणि कार्बनला सोल्डर चिकटतही नाही. आधी तांब्याची पट्टी चिकटवली. स्वस्तातल्या पट्टीचा गोंद वीज जाऊ देत नाही, हे दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कळलं. मग फ्लेक्सवाल्याकडून पितळी रिंगा मारून घेतल्या. महिनाभर छान चालल्या आणि मग पुठ्ठा आखडला तशा त्या सैल पडून फिरायला लागल्या. बटण कधी लागायचं, कधी नाही. असं अर्धवट बिघडलेलं काम सर्वांत वाईट, कारण शाळेतून फोन येतो आणि आपण जाऊन बघावं तर सगळं चालू. शेवटी उद्यमनगरातून तीन मिलिमीटरचे नट-बोल्ट आणले. बोल्टाच्या दोन्ही बाजूंना रुंद वॉशर, वॉशरखाली शाईचा एक ओला ठिपका, आणि ठिपका ओला असतानाच नट आवळायचा. वायर बोल्टाला. दिसायला गबाळं आहे, पण मार्चपासून एकही जोड सुटलेला नाही.

शाळेत बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला. “मॅडम, तुमचा किल्ला वेड्यासारखं करतोय.” गेले तर नकाशा स्टीलच्या टेबलावर पसरलेला. चिप सुरू होताना आजूबाजूला जे आहे ते गृहीत धरते आणि तिथून पुढचा फरक मोजते. बाईंनी तो हातात धरून चालू केला होता आणि मग टेबलावर ठेवला होता. खाली एवढं मोठं लोखंड आल्यावर चिपला वाटलं बारा बोटं एकदम लागली. स्पीकरमधून “तीन… अंधा… सज्जा… पुसा…” असं चाललेलं आणि पोरं लोटपोट. मागं दहा मिलिमीटरचा सनबोर्ड लावला आणि ‘आधी जागेवर ठेवा, मग चालू करा, चालू करताना हात लावू नका’ अशी चिठ्ठी डकवली. तेव्हापासून शांत आहे.

विजेचंही सांगून टाकते. मोबाईलच्या एका स्वस्त चार्जरवर नकाशा आपला आपण बडबडायचा, कारण त्या चार्जरची घरघर रेघांत उतरत होती. पॉवर बँक लावली तर थोड्या वेळानं ती स्वतःच बंद व्हायची. आमचं यंत्र इतकी कमी वीज खातं की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही. आता तीन पेन्सिल सेल घालते. वर्गात सुट्टीत कुणी बंद करायचं विसरलं तर सेल जातात, पण तो दोष शाईचा नाही.

खरी परीक्षा पावसात झाली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून झड लागली की इथं कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पुठ्ठ्याची काय कथा. पुठ्ठा ओल धरतो, शेजारच्या बटणांचा एकमेकांवरचा परिणाम वाढतो आणि ६-३ चा उंबरठा फार हळवा ठरायला लागला. कुणी हात न लावता सोमेश्वर तलाव बोलायचा (तलावच बोलावा, हाही योग). उंबरठा ८ आणि ४ केला, बहुतेक भुतं गेली. मागच्या बाजूला कोल्ड लॅमिनेशन आधीच करायला हवं होतं. एका कोपऱ्यात ओल्या भिंतीचं पाणी लागून वाघ दरवाजाची रेघ बोटाबरोबर पुसून आली, काळं काजळ लागावं तसं. शाई पाण्यात मिसळते याचा आनंद मी वर सांगितला, त्याची ही दुसरी बाजू. ती रेघ ब्रशनं पुन्हा ओढली, हेअर ड्रायरनं वाळवली, वरून लॅमिनेशन केलं. तासाभराचं काम. एवढं सोपं दुरुस्त होणारं बटण दुसरं कुठलं असेल असं वाटत नाही.

कुणी घ्यावी? शाळेचे तक्ते, प्रदर्शनातले फलक, संग्रहालयातला एखादा कोपरा, यांना उत्तम. रोजच्या वापरातल्या यंत्राची बटणं पुठ्ठ्यावर करायचा विचार असेल तर नको. ज्याला स्क्रीन प्रिंटिंग येत नाही त्यानं ब्रश आणि कापलेली स्टेन्सिल वापरावी, एक-दोन नगांना तेच बरं. उलट ब्रशनं थर जाड बसतो आणि रोध कमी येतो. दहाच्या वर नग असतील तरच स्क्रीन परवडते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १२ मराठा किल्ले गेले, त्यांत आपला पन्हाळा आहे. त्या आठवड्यात शाळेनं अजून दोन नकाशे सांगितले. सध्या दुकानात रॅकवर ते वाळतायत. पाऊस असा की उन्हाळ्यात पंधरा मिनिटांत वाळणारा हात आता सकाळचा संध्याकाळी वाळतो, आणि अर्धवट वाळलेल्या शाईचा रोध दर तासाला वेगळा येतो, म्हणून मीटर लावायची घाई करत नाही. आबा मात्र दर चहाला उठून बोट लावून बघतात.

जुना नकाशा परवा बघून आले. मागची शाई ठणठणीत आहे. पुढं अंधारबावेच्या चित्रावर मात्र बोटांनी घासून रुपयाएवढा पांढरा डाग पडलाय. वर्गातलं सगळ्यांत लाडकं बटण तेच, कारण तिथं भाच्यानं आवाज काढलाय विहिरीत ओरडल्यासारखा. नव्या नकाशांना पुढूनही लॅमिनेशन सांगितलंय.